त्यांचा चेंडू चालला, त्यांचा पेला चालला नाही!
(क्रिकेटवीर पालवणकर बाळू यांची जीवनकथा)



गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी पिशवी घेऊन मंडईत भाजीला गेलो होतो. आमच्याच वस्तीतील एक ताई तिथे कोथिंबीर-मेथीच्या जुड्या लावून बसतात. सुट्टीच्या दिवशी त्यांचा सातवीतला मुलगा मदतीला येतो. त्या दिवशी पोरगा तोंड पाडून बसला होता. विचारले तर ताईच म्हणाल्या, "बघा ना भाऊ, क्रिकेट शिकायचंय म्हणतोय. तिथं बॅट, पॅड, बूट सगळं स्वतःचं लागतं. कुठून आणायचं?" मुलगा मान खाली घालूनच बोलला, "काका, ती पोरं मला नुसता चेंडू आणायला ठेवतात. बॅटिंग देतच नाहीत. क्रिकेट आपल्या लोकांचं नसतंच का ओ?"

मी भाजी बाजूला ठेवली आणि तिथेच जुड्यांच्या ढिगाशेजारी बसून त्याला एका माणसाची गोष्ट सांगितली. तो माणूसही याच पुण्यात दुसऱ्यांसाठी चेंडू टाकायचा आणि त्यालाही कोणी बॅट हातात देत नव्हते. पुढे तो हिंदुस्थानातला पहिल्या दर्जाचा गोलंदाज झाला. त्याचे नाव पालवणकर बाळू.

मुलगा खूश झाला. पण चार दिवसांनी मंडळाच्या बैठकीत मी सुचवले, की यंदा भीमजयंतीच्या चित्रप्रदर्शनात बाळूंचा एक फलक लावू, तेव्हा एक तरुण कार्यकर्ता ताडकन उठला. म्हणाला, "बाबासाहेबांच्या विरोधात निवडणूक लढवलेल्या माणसाचा फोटो जयंतीत? आणि ते आपल्यातले तरी कुठे होते?" बैठकीत एकदम शांतता पसरली. त्याचा प्रश्न खोटा नव्हता. त्या प्रश्नाला सर्वांसमोर नीट उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

तीन रुपये पगाराचा नोकर

बाळूंचा जन्म 1875-76 च्या सुमारास धारवाडला झाला. मूळ गाव कोकणातील पालवण, म्हणून आडनाव पालवणकर. जात चांभार. वडिलांची नोकरी लष्कराशी बांधलेली, त्यामुळे कुटुंब पुण्यात आले. पेशवाईत अस्पृश्यांच्या सावलीचाही विटाळ मानणारे पुणे ते हेच. परंतु छावणीत सरकारी नोकरीची वाट थोडी मोकळी होती. लष्करातील नोकरीने आपल्या कितीतरी घराण्यांना पहिले अक्षर आणि पहिली भाकरी दिली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजीही लष्करातलेच. बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम यांना लष्करानेच क्रिकेटही दिले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी वापरून टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन ही मुले खेळायला शिकली.

शिक्षण फार झाले नाही, घराला पगाराची गरज होती. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. काम मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे, पगार महिना तीन रुपये. मधूनमधून सभासदांना चेंडू टाकण्याचे कामही मिळे. 1892 च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात लागले. पगार एक रुपयाने वाढून चार रुपये झाला. रोलर ओढायचा, खेळपट्टीच्या रेघा मारायच्या, सरावाची जाळी उभी करायची, टेनिसचे कोर्ट आखायचे, अशी दिवसभराची कामे होती.

एके दिवशी ट्रॉस नावाच्या साहेबाने त्यांना सरावासाठी चेंडू टाकायला सांगितले. बाळू डावखुरे. धाव थोडी, चेंडूचा वेग कमी, पण चेंडू हवेत सोडण्याची आणि टप्प्यानंतर वळवण्याची कला विलक्षण. ज्यांना खेळाची माहिती नाही अशा भगिनींसाठी सांगतो. अशा गोलंदाजाचे बळ दंडात नसते, बोटांत आणि डोक्यात असते. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाला चेंडू आपल्याकडे येतोय असे वाटते, तो पुढे सरसावतो, आणि टप्पा पडताच चेंडू त्याच्यापासून दूर वळतो. बॅट हवेत, यष्ट्या मोडलेल्या! प्रत्येक चेंडू थोडा वेगळा टाकायचा, फलंदाजाला काय वाटेल ते आधी ओळखायचे आणि चिडायचे नाही. खालच्या मानलेल्या जातीत जन्मलेल्या मुलाला समोरच्याचे मन ओळखणे आणि संयम ठेवणे हे दोन्ही धडे जन्मापासूनच गिरवावे लागत होते.

ग्रेग साहेबाचे आठ आणे

त्या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचे फलंदाज होते. त्या काळी हिंदुस्थानातील गोऱ्या फलंदाजांत ते अव्वल गणले जात. इतर सभासद येण्यापूर्वी तासभर आधी मैदानावर येऊन ते बाळूंकडून चेंडू टाकून घेत. असे सांगतात, की बाळूंनी बाद केले की प्रत्येक वेळी ग्रेग त्यांना आठ आणे देत. महिन्याला चार रुपये पगाराच्या माणसाला एका बळीचे आठ आणे, म्हणजे आठ बळींत महिन्याचा पगार! मी हिशेबनीस माणूस, म्हणून हा आकडा मनातून जात नाही. ग्रेगची फलंदाजी सुधारली ती बाळूंमुळे, आणि बाळूंची गोलंदाजी घासूनपुसून लखलखीत झाली ती ग्रेगमुळे.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. शेकडो तास बाळूंनी त्या जाळ्यात गोलंदाजी केली, पण त्यांच्या हाती बॅट काही दिली गेली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, ते नोकराने करायचे. बॅट फिरवणे हा मान, तो साहेबाचा. म्हणून सांगतो, मंडईतल्या त्या पोराची तक्रार सव्वाशे वर्षांची जुनी आहे.

मातीचे बोळके

पुण्यातील हिंदूंचाही एक क्रिकेट क्लब होता आणि त्यांना गोऱ्यांना हरवायचे होते. गोऱ्यांच्याच क्लबात एक अस्पृश्य पोरगा अप्रतिम चेंडू टाकतो, ही बातमी गावात पसरली. त्याला संघात घ्यावे की नाही यावर मोठा वाद झाला. तेलुगू सभासदांचा पाठिंबा होता, मराठी ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. बाळूंना न घेणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे मत तेव्हा ग्रेगने जाहीरपणे मांडले, अशी नोंद आहे. शेवटी बाळूंना घेतले गेले. जिंकायची गरज धर्मशास्त्रापेक्षा मोठी ठरली!

घेतले, पण कसे? मैदानात सगळे एकच चेंडू हाताळत. बाळूंच्या हातून सुटलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षकाच्या हाती जाई, तेव्हा विटाळ होत नसे. पण चहाची सुट्टी झाली, की बाकीचे तंबूत बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना तंबूच्या बाहेर मातीच्या बोळक्यात चहा मिळे. पिऊन झाले की ते बोळके फेकून द्यायचे. तोंड धुवायचे असेल तर मैदानाच्या कोपऱ्यात जायचे, आणि पाणी घालायला अस्पृश्य नोकरच पाहिजे. जेवायला ताट वेगळे, पंगत वेगळी.

आपण मंडईच्या आवारातच हे बोलत होतो, म्हणून तिथलेच एक स्मरण देतो. क्रांतिबा जोतीराव फुले यांनी आपल्या गंज पेठेतील घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो 1868 साली. मंडईपासून चालत जाल तर तो वाडा काही लांब नाही. हौद खुला झाल्याला पंचवीस-तीस वर्षे उलटली होती, तरी त्याच शहरातील शिकलेसवरलेले खेळाडू आपल्याच संघातल्या गोलंदाजाला कपातून चहा देऊ शकत नव्हते. मंडईची दगडी इमारत 1886 साली उभी राहिली, तेव्हा तिचे नाव गव्हर्नराच्या नावावरून रे मार्केट. नगरपालिकेत असताना जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर घालावा असे त्यांचे म्हणणे. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. नाव बदलायला पन्नासेक वर्षे लागली. माणसांची मने बदलायला त्याहून किती जास्त लागतात, ते आपण जाणतोच.

बाळूंच्या गोलंदाजीवर पुण्याचे हिंदू गोऱ्यांना हरवू लागले. साताऱ्याच्या सामन्याची कथा तर गमतीची आहे. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून ती अगदी सपाट करून ठेवली. पण ज्याने आयुष्यभर रोलर ओढला त्याला खेळपट्टीचे काय शिकवायचे? बाळूंनी सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला.

या विजयानंतर पुण्यात बाळूंचा सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला. बाळूंबरोबर खेळता तर त्यांच्याबरोबर चहापाणी आणि जेवणही घेतले पाहिजे, असे रानड्यांनी पुण्याच्या खेळाडूंना सुनावले होते. पुढे एका मोठ्या सभेत लोकमान्य टिळकांनीही बाळूंचे कौतुक केले. रानड्यांचा तो शब्द आपण कृतज्ञतेने नोंदवू. पण हेही नोंदवू, की हा मान सात बळी घेतल्यावर मिळाला. बळी न घेणाऱ्या साध्या अस्पृश्याला, झाडू मारणाऱ्या, जोडे शिवणाऱ्या माणसाला तो कधी मिळणार होता? माणूस म्हणून कपातला चहा मिळण्यासाठी आधी सात गोरे बाद करावे लागतात, ही कसली समता!

मुंबई आणि चार भाऊ

शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेग आला. त्या धामधुमीच्या काळात बाळू मुंबईला गेले. काही काळ लष्करात, मग रेल्वेत नोकरी केली आणि रेल्वेच्या संघातूनही खेळले. मुंबईच्या हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशाला विरोध झाला आणि तोही खेळाच्या जोरावर मोडला.

फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या धावा 242 आणि 160, युरोपियनांच्या 191 आणि 102. हिंदू 109 धावांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. भाऊ शिवरामही संघात होते. साम्राज्याच्या धन्यांना त्यांच्याच खेळात हरवले म्हणून देशभर आनंद झाला. त्या वेळच्या सुधारक वृत्तपत्रांनी लिहिले, की चांभार खेळाडूंना संघात घेतल्याने हिंदूंचे बळ वाढले, आणि समाजानेही यातून धडा घ्यावा. पुढे 1907 पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तिरंगी सामने सुरू झाले. 1912 पासून मुसलमानांचा संघ आल्याने ते चौरंगी झाले. धर्मावर संघ पाडण्याची ती पद्धत. त्या हिंदू संघाचा कणा मात्र हिंदू धर्माने बाहेर ठेवलेले भाऊ होते! बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे चार पालवणकर भाऊ हिंदूंतर्फे खेळले.

1911 : इंग्लंडचा उन्हाळा

1911 साली हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग. महाराज बराच काळ मेजवान्या आणि समारंभांत गुंतलेले आणि संघ नवखा, त्यामुळे बहुतेक सामने हरले. त्या पराभवांच्या रांगेत एक माणूस मात्र पाय रोवून उभा होता. बाळूंनी सर्व सामने धरून 114 बळी घेतले. त्यांतले प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले बळी 75. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी 103 धावांत आठ बळी टिपले. प्रथम श्रेणीचे जे दोनच सामने संघाने जिंकले, ते लीस्टरशायर आणि सॉमरसेट या कौंटी संघांविरुद्ध. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद 113 धावा काढल्या आणि संघ एका गड्याने जिंकला. हात दुखत असूनही बाळू त्या दौऱ्यात गोलंदाजी करत राहिले. आणखी एक गोष्ट विसरू नका. तेव्हा त्यांची उमर पस्तिशीची होती. त्यांच्या ऐन उमेदीची वर्षे रोलर ओढण्यात आणि दुसऱ्यांना सराव देण्यात गेली होती.

संपूर्ण कारकिर्दीत प्रथम श्रेणीचे 33 सामने आणि 179 बळी. सरासरी सुमारे 15 धावांना एक बळी. कोणत्याही काळात ही उत्तम गोलंदाजाची सरासरी मानली जाते.

परत आल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळी दिलेले मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. तो विद्यार्थी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होता, वय अवघे वीस. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर! आपल्या महामानवाच्या लेखणीचा एक पहिला जाहीर मान ज्या माणसाला मिळाला तो हा गोलंदाज. त्या पिढीला आपल्यातला एक माणूस साहेबांच्या देशात जाऊन साहेबांना बाद करतो ही बातमी किती मोठी वाटली असेल, याची कल्पना करा.

कर्णधारपद : जमेला काय, नावे काय

आता कथेचा खरा गाभा येतो. एवढी कामगिरी करूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. 1910 पासून त्यांच्या नावाची मागणी होत राहिली आणि दर वेळी निवड समिती दुसऱ्याचे नाव पुढे करी. 1913 मध्ये एम. डी. पै यांना कर्णधार केले. पै स्वतः प्रामाणिक माणूस. हा मान ज्येष्ठ खेळाडू बाळूंचा होता, असे त्यांनी जाहीर भाषणात सांगितले. बाळूंनी काय केले? चेंडू टाकत राहिले. सभ्यपणे, गाजावाजा न करता. निवड समितीला याहून सोयीचे दुसरे काय असणार?

मग 1920 साल उजाडले. हे साल आपल्या सर्वांच्या ओळखीचे. जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले, मार्चमध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगाव परिषद झाली. आपला माणूस बोलू लागला होता. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत पै आजारी पडले, तेव्हा समितीने कर्णधार म्हणून पुण्याचे दि. ब. देवधर यांना नेमले आणि बाळूंना संघातूनच वगळले. देवधर गुणी खेळाडू होते, त्यांच्याविषयी आपली तक्रार नाही. पण ज्येष्ठ माणसाला डावलण्याचे कारण खेळात नव्हते, जातीत होते. या वेळी विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघात खेळायला नकार दिला. आणि गप्प बसून दिला नाही. अन्याय जातीमुळे होतो आहे, असे निवेदन काढून त्यांनी जगाला सांगितले.

परिणाम काय झाला? पुढच्या पारशांविरुद्धच्या सामन्यात बाळूंना संघात परत बोलावले आणि उपकर्णधार केले. दोघे भाऊही परतले. सामना चालू असताना पै मैदानाबाहेर गेले आणि नेतृत्व बाळूंच्या हाती आले. पहिल्यांदा एका अस्पृश्य माणसाच्या इशाऱ्यावर सवर्ण क्षेत्ररक्षक जागा बदलत होते. तीन वर्षांनी, 1923 साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवले. ज्यांच्या बोळक्याचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या भावाला लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवले. विठ्ठलरावांनी पुढे 1948 मध्ये 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्रही लिहिले.

बंधूंनो, आता हिशेब मांडू. पंचवीस वर्षांच्या गोलंदाजीने बाळूंना संघात जागा मिळाली, टाळ्या मिळाल्या, हार मिळाले. अधिकार मात्र मिळाला नाही. अधिकार मिळाला तो दोन भावांनी एकत्र येऊन 'खेळणार नाही' म्हटल्यावर. देशातले वारेही तेव्हा बदलत होते, हे खरे. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसने अस्पृश्यता निवारणाचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहू नये यासाठी कोणीतरी आपल्या जागेवरून उठावे लागते. बाबासाहेबांनी आपल्याला शिकण्याबरोबर संघटित होण्याचा आणि संघर्षाचा मार्ग का दाखवला, ते क्रिकेटच्या या एका वर्षात लहान मुलालाही समजेल.

बाबासाहेबांच्या समोर

आता त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे येतो. बाळूंचा राजकीय मार्ग बाबासाहेबांहून वेगळा होता. 1932 साली येरवड्यात पुणे करार झाला, त्या 24 सप्टेंबरच्या करारावर बाळूंचीही सही आहे. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक राखीव जागा 71 च्या 148 झाल्या, पण आपला प्रतिनिधी आपणच निवडण्याचा हक्क हातून निसटला. ती सल आपल्या समाजाला आजही आहे. 1933 मध्ये बाळू हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेला उभे राहून पराभूत झाले. 1935 साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिलाही त्यांनी विरोध केला. आणि 1937 मध्ये मुंबई विधानसभेच्या राखीव जागेसाठी काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. फरक दोन हजार वीस मतांचा.

हे लपवण्याचे कारण नाही. मतदारांनी योग्य निर्णय दिला, असेच मी म्हणतो. पण विचार करा. बाबासाहेबांसमोर उभे करायला त्या बलाढ्य पक्षाला साऱ्या मुंबईत सोयीचे नाव सापडले ते याच क्रिकेटवीराचे. ज्याला कर्णधार करायला हात आखडला, त्याचे नाव आपल्याच नेत्याला पाडायला मात्र उपयोगी पडले! गोऱ्यांना हरवायचे होते तेव्हा त्यांचा चेंडू वापरला, बाबासाहेबांना हरवायचे होते तेव्हा त्यांचे नाव वापरले. मला यात बाळूंचा द्वेष करावासा वाटत नाही. वापरून घेणाऱ्यांचा डाव ओळखावासा वाटतो, कारण तो डाव अजून थांबलेला नाही.

बाळूंची चूक मला एवढीच दिसते. आपण चांगले वागलो, चांगले खेळलो तर वरच्यांचे मन आज ना उद्या वळेल, अशी त्यांची श्रद्धा होती. मातीच्या बोळक्यापासून महाराजांच्या पंगतीपर्यंतचा प्रवास त्यांनी त्याच श्रद्धेवर केला होता. बाबासाहेबांचा अनुभव आणि अभ्यास वेगळे सांगत होता. महाडचे तळे 1927 साली कोणाचे मन वळवून खुले झाले नव्हते.

बाळू 1955 च्या जुलैत मुंबईत वारले. त्यानंतर सव्वा वर्षाने, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. बाळूंनी तो दिवस पाहिला नाही.

'आपल्यातले' कोण?

आणि 'ते आपल्यातले कुठे?' या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर सोपे आहे. ते चर्मकार होते, आपण पूर्वाश्रमीचे महार, म्हणून ते परके, असे म्हणायचे असेल तर बावीस प्रतिज्ञा कशाला घेतल्या? जातीच्या उतरंडीत खालच्याखालच्या मडक्यांनी एकमेकांना लाथा मारायच्या, हीच तर ती उतरंड टिकवण्याची युक्ती. वीस वर्षांच्या भीमरावाने मानपत्र लिहिताना पोटजात विचारली नव्हती. आपण ती आज विचारायची?

बैठकीत मी हेच सांगितले. बराच खल झाला. शेवटी आमच्यातले एक वयोवृद्ध आबा म्हणाले, "फलक लावा. पण त्यावर मानपत्रपण लिवा आन् सदतीस सालपण लिवा. पोरांना दोन्ही कळू द्या." तो तरुण कार्यकर्ता थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग मजकूर मी लिहितो." त्याच्याइतके योग्य दुसरे कोणी नव्हते.

वाचक भगिनींना एक विनंती. घरातील मूल, मुलगा असो की मुलगी, खेळायचे म्हणाले तर 'अभ्यास सोडून कसले खेळ' म्हणून झिडकारू नका. बाबासाहेबांनी आपल्याला पुस्तक दिले, पण मैदान नाकारले नाही. मंडळांना विनंती, की जयंतीच्या वर्गणीतून यंदा ध्वनिक्षेपकाचा एक दिवस कमी करा आणि वस्तीसाठी क्रिकेटचा एक सामायिक संच घ्या. दोन बॅटी, पॅडची जोडी, यष्ट्या आणि चेंडू. पाळीपाळीने सर्व मुलांना वापरता येईल. आमच्या मंडळाने तसे ठरवले आहे. पहिला नियमही ठरला आहे. जो गोलंदाजी करील त्याला बॅटिंग मिळालीच पाहिजे.

काल पुन्हा मंडईत गेलो होतो. ताई गिऱ्हाइकाला मेथी देत होत्या, पोरगा कुठे दिसेना. विचारले तर त्या हसून म्हणाल्या, "सकाळधरनं पाठीमागच्या बोळात आहे भाऊ. भिंतीवर खडूनं तीन रेघा मारल्यात आन् बोटानं चेंडू फिरवत बसलाय. जेवायलापण येईना."

जयभीम!